दसऱ्याच्या दोन पांढऱ्या गाड्या

"त्या दसऱ्याच्या गर्दीत आमच्या डिलिव्हरी विभागाच्या हातून एक गंमतच झाली. निफाडकरांची गाडी सटाणेकरांना आणि सटाणेकरांची निफाडकरांना दिली गेली! पॉवर स्टीअरिंग मागणाऱ्याला साधी गाडी मिळाली आणि साधी मागणाऱ्याला पॉवर स्टीअरिंगची. चूक माणसाकडूनच होते. आम्ही ती हसत हसत निस्तरली."

वरील ओळी माझ्या नाहीत. माझे तत्कालीन सहकारी आणि आमच्या शोरूमचे विक्री प्रमुख श्री. प्रभाकर सोनटक्के यांनी गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात त्या लिहिल्या. डिलिव्हरी विभाग म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलेले नाही. आपण सौजन्य दाखवले, असा त्यांचा समज असावा. परंतु नाशिकच्या मोटार व्यवसायातल्या त्या काळच्या कोणालाही विचारा, त्या शोरूममध्ये डिलिव्हरी विभाग म्हणजे टिपणीस, आणि टिपणीस म्हणजे मी. तेव्हा ज्याची चूक म्हणून सोनटक्के उदारपणे क्षमा करतात, तो मनुष्य अद्याप जिवंत आहे, इंदिरानगरात राहतो, आणि त्याला ती क्षमा नको आहे.

"हसत हसत निस्तरली" हेही खोटे आहे. त्या दिवसांत कोणीही हसत नव्हते. सोनटक्के तर मुळीच नव्हते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी आमचे काम काय असते ते आधी सांगतो. विक्री विभाग गाडी विकतो, म्हणजे गोड बोलतो. डिलिव्हरी विभाग ती गाडी प्रत्यक्ष हाती देतो. कारखान्यातून ट्रेलरवर गाड्या येतात, त्या उतरवून घ्यायच्या, धूळ पुसून रंगावर ओरखडा नाही ना ते उन्हात बघायचे, बॉनेटखालच्या पट्टीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडायचा, ग्राहकाने मागितले तेच आत आहे ना याची खात्री करायची. मी स्वतः प्रत्येक गाडीत बसून, इंजिन सुरू करून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत असे. माझ्यानंतर ग्राहकालाही तसेच करायला लावत असे. गाडी विकत घेतली म्हणजे ती कळली, असे नसते. ती हाताला कळावी लागते.

नव्वदचे दशक संपत आले होते. आमच्या एका गाडीचे त्या वर्षी दोन प्रकार निघाले. बाहेरून दोन्ही सारखे, आतूनही सारखे. आसने तीच, वातानुकूलन तेच. एकाला पॉवर स्टीअरिंग होते, दुसऱ्याला नव्हते, एवढाच फरक. तो फरक सांगणारे इंग्रजी अक्षरांचे एक लहानसे चिन्ह डिकीवर कोपऱ्यात असे, आणि त्याकडे ग्राहक कधीही बघत नसे. ग्राहक बघतो चाकांकडे, काचेतल्या स्वतःकडे आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे.

आता दसऱ्याविषयी. इतर दिवशी गाडी देणे हे काम असते. दसऱ्याला ते लग्नघर होऊन जाते. सगळ्यांना सकाळचाच मुहूर्त हवा असतो. एके वर्षी मालेगावकडचे एक गृहस्थ हटून बसले, की नवी गाडी पहिल्यांदा मागे जाता कामा नये. पहिली हालचाल पुढेच. त्यांची गाडी भिंतीला तोंड करून उभी होती. मी म्हटले, "काका, पुढे भिंत आहे." ते म्हणाले, "मंग भिंतीचं काय ते बघा." शेवटी चार माणसांनी गाडीचे मागचे अंग उचलून सरकवले, आणि मगच ते प्रसन्न झाले. अशा माणसांशी मी आयुष्यभर वागलो आहे, आणि मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या एका रीतीविषयी.

ती रीत अशी. पूजा होईपर्यंत मालकाने स्टीअरिंगला हात लावायचा नाही, असे पुष्कळ घरांत मानत. गाडी आमच्या ड्रायव्हरने गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, देवळापर्यंत न्यायची, घरची माणसे आत बसायची, आणि पूजा झाल्यावर मालकाने स्वतः ती चालवत घरी न्यायची. अर्थात माझी स्टीअरिंग फिरवून बघण्याची पद्धत त्या दिवशी कोणी पाळू देत नसे. "साहेब, आधी देवाला, मग आम्हाला," असे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

देवळासमोर गाड्यांची रांग लागे. तिथले गुरुजी दोन-दोन, तीन-तीन गाड्यांची पूजा एकत्र उरकत. आमचा ड्रायव्हर उतरे, गाडीला कुलूप लावी आणि किल्ली थेट गुरुजींच्या ताम्हनात ठेवून रिक्षाने परत येई, कारण पुढची गाडी वाट बघत असे. गुरुजी त्या किल्ल्यांना हळदकुंकू लावत, देवाच्या पायांशी नेत, आणि प्रसादाबरोबर मालकाच्या हाती देत. आणि प्रत्येक किल्लीला आमच्या शोरूमने हौसेने दिलेले एकच गणपतीचे किचेन, एकच लाल फीत. ही हौस सोनटक्के यांची. हे त्यांच्या लेखात नाही.

त्या दसऱ्याला मी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पांढऱ्या गाड्या दिल्या. एक निफाडचे द्राक्षबागायतदार भास्करराव कुशारे यांची. त्यांचा उजवा खांदा ट्रॅक्टरच्या अपघातात दुखावला होता, डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी मुद्दाम पॉवर स्टीअरिंगची गाडी मागितली होती. दुसरी सटाण्याचे कांद्याचे व्यापारी लोटनशेठ अहिरे यांची. त्यांनी मुद्दाम साधी मागितली होती, कारण जितकी यंत्रे जास्त तितकी कटकट जास्त, असे त्यांचे मत होते. भास्कररावांबरोबर त्यांच्या मातोश्री यमुनाबाई होत्या. डाव्या बाजूच्या पुढच्या आसनावर मी स्वतः हात धरून त्यांना बसवले. आसनांवर कारखान्याचे प्लॅस्टिक तसेच होते. ते काढू देणारा ग्राहक मला नाशिक जिल्ह्यात भेटलेला नाही. बाई हसून म्हणाल्या, "लय गुळगुळीत हाय रं बाबा, घसरन मी."

गाड्यांना अजून नंबर नव्हते. पाटीवर नोंदणीसाठी अर्ज केल्याची दोन अक्षरे तेवढी होती. दोन्ही गाड्या गेल्या, आणि मी पुढच्या ग्राहकाकडे वळलो.

थोड्याच दिवसांनी लोटनशेठ गाडी घेऊन हजर झाले. रागाने लाल झाले होते.

"सायेब, हाई गाडीनं स्टेरिंग ढिलं शे! एक बोटवर फिरस. हाई काय पोरेसनं खेळनं शे का?"

आमचे वर्कशॉपचे फोरमन शफीभाई यांनी गाडी फिरवून आणली आणि म्हणाले, "शेठ, एकदम मक्खन गाडी आहे. काही प्रॉब्लेम नाही." लोटनशेठ कुरकुरत परत गेले, आणि दोन दिवसांत पुन्हा आले. शफीभाईंनी पुन्हा चालवली आणि पुन्हा मक्खन ठरवली. गाडीत दोष नव्हता, हे शफीभाईंचे म्हणणे खरे होते. गाडी हवी तशी नव्हती, हे लोटनशेठचे म्हणणेही खरे होते. दोन खरी माणसे एकमेकांना खोटे ठरवत वर्कशॉपच्या दारात उभी होती, आणि आरडाओरडा ऐकून मी तिथे गेलो.

मी आत बसलो, इंजिन सुरू केले, स्टीअरिंग फिरवले. ते लोण्यासारखे फिरले. क्षणभर मला काहीच उमजेना. साध्या गाडीला पॉवर स्टीअरिंग कसे आले? कारखान्याने चुकून बसवले? प्रथम मला तसेच वाटले, आणि वाचकहो, तसे वाटण्यात मला किंचित आनंदही झाला. मग मी बॉनेट उघडून चासी नंबर वाचला. तो कुशाऱ्यांच्या गाडीचा होता.

मी निफाडला फोन लावला.

"भास्करराव, गाडी कशी चालली आहे?"

"झकास, साहेब! एक नंबर."

"स्टीअरिंग जड वाटत नाही?"

"थोडं हाय जड. पण नवीन हाय ना. नवा ट्रॅक्टर बी पहिला आखडूनच चालतो, मग मोकळा होतो."

"आणि खांदा?"

"खांदा दुखतो, साहेब. पण तो आधी बी दुखायचाच की."

मी त्यांना गाडीच्या डिकीवरचे चिन्ह वाचून दाखवायला सांगितले. ते बघून आले आणि म्हणाले, "तिथं चिन्ह दिसत नाय. तिथं मी रेडियममध्ये 'आईचा आशीर्वाद' लावून घेतलाय."

असा तो गोंधळ होता. ज्याला चांगली गाडी मिळाली तो भांडत होता. ज्याला खांदा मोडणारी मिळाली तो खूश होता. दोघांनाही बोलावून घेतले, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. लोटनशेठना आपण चालवतो ती गाडी अधिक किमतीची आहे हे कळताच त्यांचे मत झर्रकन बदलले. "मंग ऱ्हाऊ द्या हाईच. माले सवय व्हई गयी." भास्कररावांनी तिच्यात डोकावून नाक दाबले, कारण लोटनशेठनी मागच्या आसनावर कांद्याच्या गोण्या नेल्या होत्या. भास्कररावांच्या गाडीत बागेच्या छाटणीची अवजारे घासून दाराच्या आतले अस्तर फाटले होते. दोघांनाही नवी गाडी हवी होती, आणि नवी म्हणावी अशी आता एकही उरली नव्हती. त्यातच कुशाऱ्यांच्या घरच्यांनी प्रश्न काढला, की आमच्या नावाने पूजा नेमकी कोणत्या गाडीची झाली?

अदलाबदल झाली याविषयी वाद नव्हता. वाद होता तो कुठे झाली याविषयी.

सोनटक्के यांची बाजू तुम्ही वाचलीच आहे. त्यांचे म्हणणे असे, की टिपणीसांनी शोरूममध्येच कुशारे कुटुंबाला चुकीच्या गाडीत बसवले, किल्ल्याही उलट दिल्या. माझे कागद बिनचूक होते, हे त्यांनी मान्य केले. पण कागद बरोबर आणि हात चूक, असे होऊ शकते, असे ते म्हणाले. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. म्हणूनच तो मला आजवर झोंबतो.

गुरुजींची बाजू वेगळी. मी स्वतः देवळात गेलो. ते म्हणाले, "अहो, मी गेली कित्येक वर्षे किल्ल्या देतोय. ज्याची त्याला." मी विचारले, "दोन्ही किल्ल्या दिसायला सारख्या असताना कोणाची कोणती, हे आपण कसे ओळखता?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "मी कशाला ओळखू? किल्ली लागेल ती गाडी ज्याची त्याची. चुकीची असती तर दार उघडलंच नसतं." या वाक्यावर मी पायरीवर बसून राहिलो. कारण नेमके तेच घडले असावे, असे माझे मत होते. पोलीस शिट्ट्या मारताहेत, मागच्या गाड्या हॉर्न वाजवताहेत, दोन पांढऱ्या गाड्यांवर सारखेच झेंडू. माणूस किल्ली लावतो, दार उघडत नाही, शेजारच्या गाडीला लावतो, उघडते. तो म्हणतो, अरे, आपली ही! माणूस आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, किल्लीवर ठेवतो.

भास्कररावांना मी विचारले, असे काही झाले होते का? ते म्हणाले, "झालं बी असंल. त्या दिवशी ध्यान कुठं व्हतं? पेढ्याचा बॉक्स हातात, आई एका बाजूला." लोटनशेठ म्हणाले, त्यांच्या पुतण्याने दार उघडले. पुतण्या म्हणाला, काकांनी. आमच्या ज्या ड्रायव्हरने कुशाऱ्यांना देवळापर्यंत नेले, त्याला विचारले, की स्टीअरिंग हलके होते की जड? तो कळवळून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी इतक्या गाड्या पोचवल्या, हातांना काही आठवत नाही."

आणि मला? मी रात्रंदिवस ते दृश्य आठवत राहिलो. मी यमुनाबाईंचा हात धरला आहे, दार उघडले आहे, आणि समोर पांढरी गाडी आहे. डावीकडची की उजवीकडची? जितके आठवावे तितके ते चित्र पुसट होई. सोनटक्के यांनी इतक्या खात्रीने सांगितले होते, की हळूहळू मला माझ्याच हातांचा संशय येऊ लागला. एका सकाळी मी सौ.ला चहात साखर घातली की नाही असे तीनदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी चुकीची दिली असेल किंवा नसेल. पण हा चहा तुमचाच आहे, तो प्या." ज्याने कधी कोणावर विश्वास ठेवला नाही, त्याचा स्वतःवरचा विश्वास उडणे ही काय चीज असते, ते सोनटक्के यांना कळणार नाही.

शेवटी आमच्या मालकांनी निकाल दिला. दोन्ही गाड्या वर्कशॉपमध्ये जमा करायच्या, आतून-बाहेरून धुऊन, प्लॅस्टिक, अस्तर सगळे नवे घालून ज्याच्या त्याला परत द्यायच्या. दोघांनीही गाड्या आणल्या. लोटनशेठ किल्ली ठेवून सटाण्याच्या एस.टी.ला गेले. भास्करराव आईला घेऊन आले होते. त्याच दुपारी मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सोनटक्के बोलले. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "टिपणीस, तुमचं काय म्हणणं आहे? बोला, मोकळेपणाने बोला."

मी बोललो नाही.

त्या बैठकीला जे हजर होते, त्यांना आजही आठवत असेल, की टिपणीस गप्प बसला. ज्याने ओरखड्यावरून कारखान्याशी पत्रयुद्धे केली, तो गप्प बसला. त्यांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला. दुसऱ्या सोमवारी मला सुट्या भागांच्या काउंटरवर पाठवण्यात आले. निवृत्त होईपर्यंत मी तिथे वायपर, फॅनबेल्ट आणि हेडलाइटच्या काचा विकल्या. डिलिव्हरीच्या जागेवर एक तरुण मुलगी नेमली गेली. ती गाडी देताना फक्त फोटो काढत असे. पुन्हा कधीही मी कोणाच्या हाती नवी गाडी दिली नाही, आणि काउंटरवरून दर दसऱ्याला ती रांग निघताना पाहिली.

मी का गप्प बसलो, ते आता सांगता येईल. कारण ज्या व्यक्तीसाठी गप्प बसलो, ती या चैत्रात गेली.

यमुनाबाई नव्वदीला पोचल्या होत्या. भास्कररावांनी त्या प्रकरणानंतर आमचे शोरूम सोडले नाही आणि मलाही सोडले नाही. दर हंगामात द्राक्षांची पेटी घरी येई, आणि पेटीबरोबर मातोश्रींचा एक निरोप: "साहेबांना म्हणावं, दात जपा." भास्कररावांना या निरोपाचा अर्थ कधी कळला नाही. ते म्हणत, "आईला तुमच्या दातांची काय एवढी काळजी, देव जाणे." मला अर्थ पुरता ठाऊक होता, आणि मी दर वर्षी उत्तर पाठवी, "त्यांना सांगा, दात मजबूत आहेत."

त्यांच्या दशक्रियेला मी गोदेकाठी गेलो होतो. पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बसले होते, बघत होते, येत नव्हते. नातेवाइकांनी एकेक वचन देऊन पाहिले. नातीचे लग्न करू, बाग विकणार नाही, धाकट्याला सांभाळू. काही उपयोग होईना. तेव्हा भास्करराव उठले, खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली, तिचे झाकण उघडून पिंडाजवळ ठेवली आणि म्हणाले, "आई, ही घे तुझी मशेरी. आता तरी ये."

कावळा आला.

माझ्या शेजारी बसलेला एक पाहुणा हसला. मी भास्कररावांना बाजूला घेऊन विचारले, "आईंची मशेरी तुम्हाला ठाऊक होती?"

"साहेब, सगळ्या निफाडला ठाऊक व्हती. परसात जाऊन दात घासायची, तोंडाला पदर लावून यायची. आम्ही काय आंधळे व्हतो का? पण तिला वाटायचं कुणाला माहीत नाय, म्हणून आम्ही बी कधी बोललो नाय."

इतकी वर्षे मी ज्या गुपिताची राखण केली, त्याची सारे गाव राखण करत होते. माझे बंधन मात्र तिथेच गळून पडले. म्हणून आता त्या दुपारी काय झाले ते लिहितो. हे मी मालकांना सांगितलेले नाही, सोनटक्के यांनाही नाही.

बैठकीच्या थोडे आधी मी वर्कशॉपच्या अंगणात उभा होतो. दोन्ही गाड्या तिथे होत्या. शफीभाईंची माणसे धुण्याचा पाइप ओढत होती. भास्करराव आत कागदांवर सह्या करत होते. यमुनाबाई एकट्याच माझ्याकडे आल्या. त्या निफाडहून ज्या गाडीतून आल्या होत्या, तिच्याकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. त्या लोटनशेठनी आणून ठेवलेल्या गाडीकडे बोट दाखवत होत्या.

"साहेब, त्या गाडीचं पल्याष्टिक त्या लोकांना काढू देऊ नका. तुम्ही काढा."

"का हो आजी?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिले. "माझी मशेरीची डबी हाय तिच्यात, देवळात जाताना पल्याष्टिकखाली सारलेली. पोराला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं व्हईल. मी सप्तशृंगीला बोलले व्हते, पोराच्या दारात गाडी आली, पूजा झाली, की मशेरी सोडीन. ती डबी गंगेत टाकायची व्हती मला. पूजेच्या गडबडीत राहिली बघा. परत येऊन बसले, हात घातला, तर पल्याष्टिक रिकामं!"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलले की! रस्त्यात म्हटलं, भास्कर, ही आपली गाडी नाय रं. तो हसायला लागला. म्हणाला, आई, सगळ्या पांढऱ्या सारख्याच दिसतात. आता कशावरून वळखली, ते कसं सांगू?"

सगळ्या शोरूममध्ये, देवळात, निफाडात आणि सटाण्यात मिळून एका माणसाला पहिल्या क्षणापासून सत्य माहीत होते, आणि ते माणूस ते सांगू शकत नव्हते. मी गाडीत बसलो, आसनाच्या कडेचे प्लॅस्टिक वर केले, हात घातला. डबी बाहेर काढून त्यांच्या हातात दिली. माझे हात बरोबर होते, हे मला त्या क्षणी कळले होते.

मी म्हणालो, "आजी, आत्ता आत बैठक आहे. मी हे सांगितले तर माझ्यावरचा बोल जाईल."

त्यांनी माझा हात धरला. मी त्यांना गाडीत बसवताना धरला होता, तसाच. "माझ्या जित्तेपणी नको, साहेब. मागून काय वाट्टेल ते सांगा. देवीला बोललेलं हाय."

मी हो म्हटले. तसे म्हणणे शहाणपणाचे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बाईंनी डबी उघडली, चिमूट घेतली, पदराआड बोट दातांवरून फिरवले. मी म्हणालो, "आजी, नवस?"

"नवस आमच्या गाडीचा व्हता," त्या म्हणाल्या. "आमची गाडी अजून कुठं आलीय दारात?"

तेव्हा श्री. सोनटक्के यांना आणि ज्यांनी ज्यांनी त्यांचा लेख वाचून मान डोलावली त्या सर्वांना माझे एवढेच सांगणे आहे. यमुनाबाई सटाण्याला कधीही गेल्या नव्हत्या. आमच्या शोरूमपासून देवळापर्यंत त्या एकाच गाडीत बसल्या, आणि त्यांची डबी लोटनशेठनी सटाण्याहून आणलेल्या, पॉवर स्टीअरिंगच्या गाडीच्या डाव्या बाजूच्या पुढच्या आसनाच्या प्लॅस्टिकखाली होती.